जाळीला अस्तर लावलेला पतंग

अगं, मी जवळ बसून सांगतेय असं समज. फोनवर विचारतेस, "मावशी, आईनं खरंच पतंगाला धरून ठेवलं होतं का?" आणि मी तोंड उघडायच्या आत मीटिंग आहे म्हणून ठेवून देतेस. पुण्याला गेल्यापासून तुला लई घाई. असल्या गोष्टी घाईत सांगायच्या नसतात. म्हणून लिहून पाठवते. वाचताना तरी दम धर.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. पुंडलिकनगरात तुमच्या आमच्या घरात एकच भिंत होती. मागं घरं संपली की मोकळा माळ, माळाच्या टोकाला दगडाची खदान. तुझे बाबा आणि आमचे हे वाळूजच्या एकाच कंपनीत, एकाच पाळीला. आम्ही मेंढरामागची माणसं. सासऱ्यांनी मेंढरं विकली, यांनी मशीन धरलं. तुम्ही बौद्ध. डबा दोघांचा एकच व्हायचा, कुणाची भाजी कुणी खाल्ली याचा पत्ता लागायचा नाय.

कंपनीत मशीन बसवायला एक गोरा साहेब आला होता. त्याच्याकडं चार दोऱ्यांचा पतंग. दोन्ही हातांत धरायला एकेक मूठ, प्रत्येक मुठीला वर एक आणि खाली एक दोरी. वरच्या ओढल्या की पुढं जातो, खालच्या ओढल्या की गाडी मागं घ्यावी तसा उलटा मागं येतो. हवेत एका जागी उभासुद्धा राहायचा. जाताना साहेबानं तो या दोघांना मिळून दिला. मग दर रविवारी माळावर हेच. साहेबाची भाषा तुझ्या बाबांना समजायची, त्यामुळं त्यातली खुबी त्यांनाच जास्त ठाऊक.

मग विद्यापीठाच्या नावाचा वाद पुन्हा तापला. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर काही जण तुझ्या बाबांना नाय नाय ते बोलले. शेजारी आमचे हे बसलेले. यांनी मान खाली घालून चहा पिला. एक शब्द काढला नाय. तुझ्या बाबांनी आधीच्या दंगलीत गावाकडची जळालेली घरं डोळ्यांनी पाहिलेली. ते घरी आले आणि आपल्या माणसांच्या वस्तीत खोली बघायला लागले. मिळालीही. सोमवारचा टेम्पो सांगितला. तुझी आई पोत्यात भांडी भरायची, ते मला भिंतीतून ऐकू यायचं. यांना म्हणलं, जाऊन बोला की. म्हणाले, कुठल्या तोंडानं बोलू?

रविवारी आषाढातला वारा असा सुटला की पत्र्यांवर दगड ठेवूनही पत्रे खडखडत होते. हे पतंग घेऊन निघाले. त्या पतंगाला मधोमध जाळी होती. यांना वाटलं, कापड विरलंय. गारखेड्याच्या शिंप्याकडून त्यावर चांगलं पॅराशूटच्या कापडाचं अस्तर शिवून आणलं. मनात असं की नीटनेटका करून मित्राला द्यावा, जाताना घेऊन जाईल. तोंडानं बोलता येत नसलं की माणूस असलं काहीतरी करत बसतो. आधी उडवून बघतो म्हणाले. आणि अशा वाऱ्यात हातातून सुटू नये म्हणून दोन्ही मुठी सुतळीनं मनगटाला बांधल्या. मेंढरामागं वाढलेला माणूस! ओढाळ जनावराचा दोर मनगटाला बांधू नये, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला कळतं.

मी लांब जाऊन, खदानीकडं पाठ करून पतंग उभा धरला आणि सोडला. सोडला कसला, त्यानंच हिसका मारून घेतला. वर गेला तो थेट खदानीच्या डोक्यावर. हे मागं रेलले तसा तो आणखी ओढायला लागला. चपला घसरायला लागल्या. सवयीनं ओरडले, ढील दे, ढील दे. कुठली ढील? फिरकीच नव्हती. मी धावत जाऊन यांच्या कमरेला मिठी मारली, तर आता दोघं घसरायला लागलो.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझी कंबर धरली. वळून बघते तर तुझी आई, हाताला भांडी घासायची राख तशीच. आकाशात पतंग बघून दोघं घरातून पळत आलेले. तुझे बाबा पुढं धावले आणि वर बघून थबकले.

"जाळी कुठं गेली?"

"शिवून घेतली."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी," हे म्हणाले. रडके झाले होते अगदी.

"अरे बाबा, ती वारा आरपार जायला ठेवलेली होती. आता ऐक. मागं रेलू नको. पुढं चाल."

"पुढं खदान आहे."

"दिसतीय मला. तू चाल, मी खदानीच्या बाजूनं उभा राहतो."

आणि राहिले गं. खदानीकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून, या माणसाच्या पुढ्यात. हे त्यांच्या तोंडाकडं बघत पुढं चालले. आम्ही दोघी मागं लोंबकळत. चार पावलांत दोऱ्या सैल पडल्या. आता खालच्या ओढ दोन्ही, तुझे बाबा म्हणाले. पतंग उलटा मागं सरकत आला आणि खदानीच्या काठावर खडीच्या ढिगावर बसला. शहाण्या कोंबडीसारखा. तुझ्या बाबांनी सुतळी दातानं तोडली. यांची मनगटं निळी पडलेली.

आम्ही चौघंही तिथंच बसलो. मग हे म्हणाले, "जाऊ नको."

"हे टपरीवर म्हणाला असतास तर मी सामान बांधलंच नसतं."

"उद्या म्हणतो."

"उद्या कशाला? टपरी आज उघडी आहे."

तसेच धुळीनं भरलेले दोघं गेले. आम्ही दोघी मागं. टपरीवर तीच माणसं होती. हे उभ्या उभ्याच बोलले. हा माझा शेजारी आहे, याला जे बोलायचं ते आधी मला बोला. आणि विद्यापीठाचं नाव बदलायला पाहिजे, असं माझंबी मत आहे. एक जण हसला, एक जण उठून गेला, बाकीच्यांनी चहा पिला. काही जगबुडी झाली नाय.

तुझ्या बाबांनी तिथं काहीच कबूल केलं नाय. बघू म्हणाले. मी घरी येऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं, पण सगळा जीव भिंतीला. मग पलीकडून पोतं ओढल्याचा आवाज आला. माझे हात तसेच थांबले. आणि टणकन मांडणीवर एक ताट बसलं. मग दुसरं. मग तांब्या. अगं, पिठाच्या हातांनीच मी भिंतीला कान लावला आणि एकेक भांडं मोजत राहिले. टेम्पोवाल्याला सकाळी परत लावून दिलं.

तुझी आई म्हणेल, त्या दिवशी तुझी मावशीच रडत होती. तिचं काय ऐकतेस, दोघी रडलो. समोरासमोर बसवून एकदा विचार तिला. धपाटे दोघी मिळून करू, जावईबापूंनाही घेऊन ये. पण लवकर ये गं, पुढच्या सुट्टीवर ढकलू नको.