चाळीस माणसं आणि एक पडलेला जोक

मोटेलच्या काउंटरमागे मी उभा होतो, माझं वाक्य बोलून झालं होतं आणि समोरची चाळीस माणसं ढिम्म होती. कुणी हसलं नाही. कुणी साधं खाकरलंही नाही.

ही गोष्ट लॉस एंजेलिसमधल्या एका टीव्ही सीरियलच्या सेटवरची. मी तिथे काय करत होतो ते आधी सांगतो. नागपुरात मी ऑर्केस्ट्रातला विनोदवीर होतो. म्हणजे गायिका पाणी पिऊन येईपर्यंत नकला करायच्या, चुटके सांगायचे. पब्लिक गाण्यांसाठी यायचं, माझ्यासाठी कुणीच नाही. अपवाद बाबांचा. ते प्रत्येक शोला तिसऱ्या रांगेत बसायचे आणि एकदाही हसायचे नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणायचे, "आज तीन पडले." म्हणजे तीन जोक पडले. बाकीचे का नाही पडले, हे त्यांना कधी सांगावंसं वाटलं नाही.

पुढे बायकोला, सुनीताला, कॅलिफोर्नियात नोकरी लागली आणि आम्ही लॉस एंजेलिसला आलो. मंडळाच्या गणपतीत स्किट करता करता मी एका एजंटपर्यंत पोचलो आणि कॅरेक्टर ॲक्टर झालो. म्हणजे ज्याचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव कुणालाच सांगता येत नाही, असा नट. अकरा वर्षांत मी नऊ डॉक्टर, चार टॅक्सीवाले आणि एक मेलेला शास्त्रज्ञ केला. सगळी कामं एका दिवसाची. मेलेल्याचं तेवढं दोन दिवस चाललं.

या वेळी मात्र एजंट म्हणाली होती, "मोटेलचा मॅनेजर आहे. डायरेक्टरला आवडलं तर अजून चार एपिसोड. नाही आवडलं तर मोटेल बंद पडलं असं दाखवतील." पहिल्यांदाच माझ्या पात्राला स्वतःचं नाव होतं. साठी ओलांडली की ऑडिशनचे फोन कमी होत जातात. मला ते काम हवं होतं, अगदी हट्टाने हवं होतं.

सीन साधा. डिटेक्टिव्हबाई विचारतात, "बारा नंबरच्या खोलीतल्या माणसाला शेवटचं कधी पाहिलंत?" मी म्हणायचं, "काल सकाळी. फुकटच्या कॉफीला नावं ठेवत होता आणि चौथा कप भरत होता." त्या म्हणतात, "तो मेलाय." कॅमेरा माझ्या तोंडावर. बस्स.

आता कॉफीचं वाक्य म्हणजे हशाचं वाक्य. ऑर्केस्ट्रात शिकलेलं अंगात मुरलेलं असतं. हशाच्या वाक्यानंतर थांबायचं. हशा आला तर पुढे जायचं, नाही आला तर तेच पुन्हा जास्त जोरात करायचं. मी थांबलो. सगळीकडे शांतता. तेवढ्यात डिटेक्टिव्हबाई त्यांचं वाक्य बोलल्या आणि कट झालं.

"छान. सेफ्टीसाठी अजून एक घेऊ," डायरेक्टर म्हणाली. सेफ्टी टेक म्हणजे पहिल्यात काही तांत्रिक गडबड निघालीच तर हाताशी असावा म्हणून घेतलेला जादाचा टेक. हे मला पाठ होतं. पण समोर कुणी हसलं नाही की पाठ केलेलं आठवत नाही. मला वाटलं, बाई सभ्य आहे, जोक पडला असं तोंडावर म्हणत नाहीये.

दुसऱ्या टेकला मी 'कॉफी' पार्किंगपर्यंत ऐकू जाईल अशी म्हटली. तिसऱ्याला चार बोटं नाचवली आणि कडू तोंड केलं. चौथ्याला मी शिंक दिली. या शिंकेला एकेकाळी टाळ्या पडायच्या. इथे मागचा किल्ल्यांचा बोर्ड पडला.

डायरेक्टर उठून जवळ आली. "श्री, काय चाललंय?"

"कुणी हसत नाहीये."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "साउंड रेकॉर्ड होतोय. हसणार कोण?"

अकरा वर्षं या धंद्यात असून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरांच्या तोंडी जोक नसतात, मेलेल्याच्या तर नाहीतच. त्यामुळे प्रश्नच आला नव्हता.

लांब दांडीला लावलेला माइक आमच्या डोक्यावर धरायला एक धिप्पाड माणूस होता, अर्ल. त्याने मला स्वतःच्या शर्टाची बाही दाखवली. दंडावर चक्क दातांचे वळ. "पहिल्या टेकला चावली," तो म्हणाला. "हसलो असतो तर घरी पाठवलं असतं मला."

मी अजून एक टेक मागितला. वेळ संपली होती. घरी येऊन सुनीताला म्हटलं, "मोटेल बंद पडलं."

"शिंक दिलीस?"

"दिली."

ती चहा टाकायला उठली.

तीन आठवड्यांनी एजंटचा फोन आला. चारही एपिसोड मिळाले होते. मला काही समजेना. पुढच्या शूटिंगला डायरेक्टरनेच सांगितलं, "आम्ही पहिला टेक वापरला. तो मेल्याचं कळल्यावर तुमचा चेहरा जो होतो ना, एडिटिंगला सगळे गप्प झाले होते. कुणाची आठवण काढलीत?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "वडिलांची," मी म्हणालो. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खाली बघितलं. बाबा नव्वदीचे आहेत, नागपुरात ठणठणीत आहेत आणि रोज सकाळी भाजीवाल्याशी भांडतात. मला मनापासून लाज वाटली, पण काम हातचं घालवण्याइतकी नाही.

एपिसोड आला तेव्हा मंडळाची माणसं घरी जमली होती. स्क्रीनवर माझं तोंड आधी आशेने फुललं आणि मग हळूहळू उतरत गेलं. कुलकर्णी काकूंनी डोळे पुसले. "काय दुःख दाखवलंत हो," त्या म्हणाल्या. मी नम्रपणे मान झुकवली.

सुनीताने तो तुकडा बाबांना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. कवळी काढून ठेवलेली आणि बाबा हसत होते. नीट बोलताही येईना त्यांना.

"काय रे, जोक पडला होता न तुझा?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिसऱ्या रांगेतून वीस वर्षं हेच तोंड पाहिलं मी," ते म्हणाले आणि पुन्हा हसायला लागले. माझ्या कामावर बाबा हसल्याची ही पहिलीच वेळ. मला फार बरं वाटलं. त्यांना मी सेटवर मारून टाकलंय हे अजून सांगितलेलं नाही.

तर मी काय शिकलो? लोकांना हसवायला उभा जन्म घातला आणि काम मिळालं ते कुणी हसलं नाही की पडणाऱ्या तोंडाला. आता टेकच्या आधी मी मनातल्या मनात एक चुटका सांगतो आणि हशाची वाट बघतो. कुणी हसत नाही. एका टेकमध्ये काम होतं.