लोहाची गोळी, हिरवी कॅप्सूल

औषधाच्या दुकानात बावीस वर्षं काउंटरमागे काढल्यावर माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतोच. तिला तर गिऱ्हाईकं 'डॉक्टरीणबाई' म्हणायची, आणि तिने कधी कुणाला अडवलं नाही.

तिची धाकटी जाऊ कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलावर होती. दिवसभर उभी राहून गळून जायची, दोन जिने चढले की धापा टाकायची. तपासणीत हिमोग्लोबिन साडेआठ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या.

"नुसत्या गोळीने काय होतंय?" डॉक्टरीणबाई म्हणाली आणि दुकानात नवीनच आलेली ग्रीन टीच्या अर्काची बाटली तिच्या हातात ठेवली. "ही हिरवी कॅप्सूलपण घे, तरतरी येईल. झाडपाल्याचंच तर आहे, अपाय कसला? दोन्ही सकाळी एकदमच घेत जा, म्हणजे विसरायला नको."

जावेने मान डोलावली. थोरलीचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आठ. तो घेऊन जाऊ दुकानात आली तेव्हा पाच-सहा गिऱ्हाईकं उभी होती.

"गोळ्या घेतेस की मोरीत टाकतेस?"

"घेते की ताई. रोज."

"मग रक्त जातं कुठे? खोटं कशाला बोलतेस?"

खोकल्याच्या औषधासाठी थांबलेले एक गृहस्थ हसले. "डॉक्टरीणबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही हं!"

जाऊ लाल झाली आणि रिपोर्ट उचलून निघून गेली. संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोळ्यांची सगळी रिकामी पाकिटं आणून ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "पाकिटं काय, कुणीही रिकामी करेल."

पुढच्याच आठवड्यात जावेला कामावर भोवळ आली. पडताना आधाराला हात टेकला तो थेट तापलेल्या इस्त्रीवर.

दवाखान्यात तळव्याला पट्टी बांधताना डॉक्टरांनी विचारलं, "गोळीबरोबर आणखी काही घेता का? जडीबुटी, टॉनिक, काहीही?"

जावेने एकदा सोबत आलेल्या थोरलीकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली.

ती आपल्याला पाठीशी घालतेय, हे डॉक्टरीणबाईच्या ध्यानात आलं. गप्प राहिलं तर निभावून जाईल, हेही ध्यानात आलं. आणि ती गप्प राहिली. पट्टीचे दोन वेढे होईपर्यंत गप्प राहिली. मग तिचं तिलाच सहन होईना.

"ग्रीन टीचा अर्क घेते. मीच दिलाय. गोळीबरोबरच घ्यायला सांगितलं."

डॉक्टरांचा हात थांबला. "अहो, तो अर्क पोटात लोहाला धरून ठेवतो. गोळी नीट अंगी लागत नाही. रक्त न वाढायला दुसरंही कारण असेल, ते तपासू. पण ती बाटली आजपासून बंद." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही औषधाच्याच दुकानात असता ना?"

"हो," ती म्हणाली. फरशीवरून तिला नजर उचलता येईना.

बाहेर रस्त्यावर तिने जावेचा चांगला हात धरला. "तुला मी खोटारडी म्हणाले."

"चारचौघांत म्हणालात, ताई."

दुसऱ्या दिवशी खोकल्यावाले गृहस्थ आले, तेव्हा तिने त्यांना थांबवून सगळं सांगितलं: जाऊ खरं बोलत होती, चूक माझी होती, आणि मला डॉक्टरीणबाई म्हणू नका. "चालायचंच हो," असं म्हणून ते सुटे पैसे मोजू लागले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

हिमोग्लोबिन पुढे हळूहळू अकरावर गेलं. ही बातमी तिला दिराकडून कळली. घरात जाऊ पूर्वीसारखीच बोलते, हसते, भाजी निवडायला शेजारी बसते. गोळ्या मात्र कोपऱ्यापलीकडच्या दुकानातून आणते. त्यासाठी तिला हिच्या काउंटरसमोरून जावं लागतं. ती दिसली की ही कपाटाकडे तोंड करून बाटल्या लावत राहते.