अविवाहित आणि दिव्यांग

मुलगी दोन वर्षांची असताना आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो. नवऱ्याची नोकरी वन-नॉर्थला, फ्लॅट बुओना व्हिस्टाला. तो वर्क पासवर, मुलगी त्याच्या आधारावर डिपेंडंट पासवर. हा पास मुलांना एकविसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. पीआरसाठी, म्हणजे कायमच्या रहिवासासाठी, दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नकार आला.

जन्मापासून तिच्या उजव्या पायात जोर नाही. कुबडी घेऊन चालते. पण शाळेत असल्यापासून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, एकटी जाते, डिझाइनचा डिप्लोमाही तिने कुठलीही सवलत न घेता पूर्ण केला. "तुला न जमायला काय झालं?" हे मी तिला लहानपणापासून ऐकवत आले.

एकवीस पूर्ण व्हायला तीन महिने उरले तेव्हा नवऱ्याने नियम वाचून दाखवला. शिक्षण संपलेलं, नोकरी नाही. मग तिला आमच्याजवळ ठेवायला एकच वाट होती, लांब मुदतीचा व्हिजिट पास. त्यासाठी मूल अविवाहित आणि दिव्यांग हवं, आणि तसा डॉक्टरांचा दाखला हवा.

"म्हणजे आपलं काम होईल," तो म्हणाला. मला त्याचा संताप आला. तरी अपॉइंटमेंट मीच घेतली.

डॉक्टर बाई सौम्य होत्या. आंघोळ स्वतः करतेस? एकटी प्रवास करतेस? मुलगी प्रत्येक प्रश्नाला हसून इथल्या इंग्रजीत 'जमतं' म्हणत होती, "कॅन, डॉक्टर. कॅन लाह." आणि मी, तिची आई, मनात म्हणत होते, एकदा तरी नाही म्हण गं! शेवटी मीच तोंड घातलं, "पावसात पायऱ्या उतरताना पडते ती."

ती एकदाच पडली होती, नववीत असताना.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, यू मेड मी साउंड युसलेस."

कुणीतरी टेबलाशी बसून हा नियम लिहिला असेल. धडधाकट पोरांना घालवायचं, आणि उरलेल्यांच्या आयांना लेकराचा दुबळेपणा सिद्ध करायला लावायचा. त्या माणसाला मुलं असतील का, हा प्रश्न मला आजही पडतो.

डॉक्टरांनी पायाचं होतं तेवढंच लिहिलं. पास मिळाला. मैत्रिणींचे अभिनंदनाचे मेसेज आले. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

इथे नोकरी द्यायची तर कंपनीला तिच्यासाठी वेगळा वर्क पास काढावा लागणार. ते ऐकलं की इंटरव्ह्यू तिथेच संपायचा. सात महिन्यांनी तिला पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीत काम मिळालं. ज्या शहरात ती फक्त सुट्टीला जायची, तिथे ती आता मावशीकडे राहते आणि रिक्षावाल्यांशी मोडक्या मराठीत भांडते.

ती निघायच्या आधी पास रद्द करायला नवऱ्याच्या ऑफिसमधून फोन आला होता. "ती का परत जातेय?" पलीकडच्या बाईने सहज विचारलं.

"तिला नोकरी लागली," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच होता.