बिननावाची कडी आणि वॉरंटसाहेब

वॉरंटसाहेब माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझा अपमान करायलाच, आणि पुढच्या नऊ वर्षांत त्यांचा सूर फारसा बदलला नाही. लखनौला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्या एका संस्थेत मी रुजू झाले होते. हौशी रेडिओचं लायसन्स सांगलीला असतानाच काढलेलं होतं, म्हणून निशातगंजात दर रविवारी भरणाऱ्या रेडिओवाल्यांच्या बैठकीला गेले. 'डॉक्टर' अशी ओळख आणि मराठी आडनाव ऐकून कोपऱ्यातले एक वाळकुडे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ वळले. "कशाच्या डॉक्टर तुम्ही?" मी सांगितलं. "म्हणजे पानं ओळखता," ते म्हणाले. "झाडाले पान असते, फूल असते, वास असते. त्यात काय ओळखाचं? हे ओळखून दाखवा." आणि माझ्या हातात त्यांनी बांगडीएवढं एक काळं कडं ठेवलं.

त्या कड्याला आम्ही लोक टोरॉइड म्हणतो. फेराइट नावाच्या, चिनीमातीसारख्या ठिसूळ पदार्थाचं ते असतं. त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळली की रेडिओला लागणारा ट्रान्सफॉर्मर होतो. अडचण अशी, की दिसायला सगळी कडी सारखीच काळपट, आणि अंगावर ना नाव, ना नंबर. एखादं रेडिओच्या कामाचं असतं. त्याच आकाराचं दुसरं पॉवर सप्लायसाठी केलेलं असतं, ते रेडिओची सगळी शक्ती पिऊन नुसतं तापतं. मी ते कडं उलटसुलट केलं आणि म्हणाले, "कामाचं वाटतंय." वॉरंटसाहेबांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "वाटते," ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. "डॉक्टरीणबाईले वाटते."

ते मूळचे अमरावतीकडचे. हवाई दलात सगळी नोकरी वायरलेसवर झाली, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि चिनहटच्या कारखान्यांपलीकडे घर बांधून राहिले. बायको आधीच गेली होती. मुलगा पुण्याला होता, तो फोनवर हिंदीतच बोलायचा म्हणून त्याचाही ते तिरस्कार करत. तसा ते शेजाऱ्यांचा, टीव्हीचा, मोबाइलवाल्यांचा आणि लखनौच्या 'पहले आप'चाही करत. "दोघं दारात उभे राहतात आन् गाडी सुटून जाते," म्हणत. त्यांची वऱ्हाडी चाळीस वर्षं उत्तरेत राहूनही हलली नव्हती, मात्र शिव्या त्यांनी हिंदीतून घेतल्या होत्या.

त्यांना सगळ्यात जास्त तिरस्कार होता तो आमच्या मंडळाच्या सेक्रेटरीसाहेबांचा. सेक्रेटरीसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, गोड बोलणारे, चहाबरोबर खस्ता कचोरी खाऊ घालणारे. बैठक त्यांच्याच गच्चीवर भरायची. चिनहटचा एक पॉवर सप्लायचा कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी तिथल्या कबाड्याकडून बिननावाच्या कड्यांचं एक पोतं आणलं आणि रंगांप्रमाणे स्टीलच्या डब्यांत लावून टाकलं. पिवळी इकडे, हिरवी तिकडे, बिनरंगाची काळी तिसरीकडे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: ही रेडिओलहरींच्या या बँडला, ती त्या बँडला. खरं म्हणजे रंग कारखानेवाले आपापल्या सोयीने देतात, आणि काळ्यांना तर तोही नसतो. हे सांगूनही सेक्रेटरीसाहेब आदराने मान डोलवत आणि डबे तसेच ठेवत. मला ते बिनडोक वाटत. वॉरंटसाहेब मात्र तोंडावर म्हणत, "गधे हो आप, एकदम गधे।" सेक्रेटरीसाहेब हसून म्हणत, "आप बड़े हैं, कह सकते हैं।" ते हसू पाहून मला दोघांचीही चीड यायची.

वॉरंटसाहेबांची पद्धत अगदी साधी होती. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना कड्यावर टेकवायच्या. आकडा दाखवला, म्हणजे कडं थोडी वीज वाहू देतं. बहुधा ते पॉवर सप्लायचं, बाजूला काढा. काहीच दाखवलं नाही, तर पुढे चला. रंग असला तर आधी तो खरवडायचा, नाहीतर मीटर फसतो. मग दहा वेढे तार गुंडाळायची, तिचा इंडक्टन्स दुसऱ्या मीटरवर मोजायचा, कड्याची मापं घ्यायची आणि हिशेब करून आतला माल कुठल्या जातीचा ते वहीत लिहायचं. एका कड्याला वीस मिनिटं लागत. हे त्यांनी मला शिकवलं, पण शिकवताना एकदाही 'शाबास' म्हणाले नाहीत. वेढे मोजताना चुकले की तार सोडून परत पहिल्यापासून. एकदा मी कंटाळून म्हणाले, "काका, अंदाजाने कळतंच की आता." ते म्हणाले, "अंदाज लावाचा असन तं लग्नं जमवत बसा."

मग ते वर्ष आलं, ज्या वर्षी कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. आई-बाबांचं घर नदीजवळच्या गल्लीत. संध्याकाळी बाबा फोनवर म्हणाले, "पायरीला लागलंय, पण बघू." त्यानंतर फोन लागेना. मी नुकताच नवा सेट बांधला होता, अँटेनाचा ट्रान्सफॉर्मर तेवढा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच चिनहटला वॉरंटसाहेबांकडे धावले. त्या आठवड्यात त्यांचं सेक्रेटरीसाहेबांशी मोठं भांडण झालेलं, ते अजून त्यातच होते. मी सेक्रेटरीसाहेबांच्या पोत्यातलं, मागे घरी आणलेलं एक काळं कडं पुढे केलं. त्यांनी ते तळहातावर उडवून झेललं, नखाने टिचकी मारली. "चालते. माह्याकडं असेच आहेत. गुंडाळा."

"मोजायचं नाही?"

"बाई, तुमचे मायबाप पाण्यात आहेत. चाळीस वर्षं हेच केलं, हाताले समजते."

घरी येऊन मी तार गुंडाळली. थोड्या शक्तीवर तपासलं, सगळं छान दिसलं. साडेदहाच्या सुमाराला सांगलीचा एक हौशी रेडिओवाला मिळाला. बॅटरीवर चालवत होता, दमलेला आवाज. मी पूर्ण शक्ती लावली, बाबांचं नाव आणि गल्ली सांगितली. तो म्हणाला, "थांबा ताई, त्या भागाची यादी आहे, बघतो." मी विचारत राहिले, सांगत राहिले, दहा मिनिटं झाली असतील. मग अँटेनातून शक्ती परत येते का ते दाखवणारा सेटचा काटा वर चढला आणि त्याचा आवाज बारीक झाला. "लखनौ, तुमचं काही ऐकू येत नाही. लखनौ?" मी ओरडत होते. तो म्हणाला, "लखनौ, तुमची वाट बघू शकत नाही, दुसरे थांबलेत." आणि तो दुसऱ्या कुणाशी बोलायला लागला. गच्चीवर जाऊन अँटेनाशी लावलेल्या कड्याला हात लावला तर बोट भाजलं.

मी वॉरंटसाहेबांना फोन केला. काय बोलले ते आता लिहिण्यासारखं नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाशी तसं बोलू नये, पण मी बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

पाऊण तासाने त्यांची स्कूटर दारात आली. वर आले, मल्टिमीटर काढला, पिना टेकवल्या. आकडा स्वच्छ दिसत होता. कडं पॉवर सप्लायचं होतं. मग त्यांनी पिशवीतून आपल्या स्वतःच्या रेडिओ स्टेशनचा ट्रान्सफॉर्मर काढला. तार उपटूनच आणलेली होती, एक टोक अजून कापल्यासारखं दिसत होतं. जोडून दिला आणि माझ्या शेजारी वेताच्या मोढ्यावर बसले. दुपार सगळी नुसती खरखर होती. पाणी प्यायला दिलं तरी त्यांनी घेतलं नाही. पाचच्या सुमाराला तोच आवाज परत आला, आणि यादी वाचता वाचता बाबांचं नाव आलं. दोघंही एका शाळेच्या वरच्या मजल्यावर होते. आई औषधाची पिशवी विसरली होती म्हणून रागावलेली, एवढंसुद्धा त्या भल्या माणसाने सांगितलं. मी रडायला लागले. वॉरंटसाहेब उठले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी बैठकीला सगळे जमले होते. वॉरंटसाहेब उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "मैंने बिना नापे बोल दिया कि चलेगा। बाई के माँ-बाप बाढ़ में थे। इनको," म्हणजे सेक्रेटरीसाहेबांना, "मैं बरसों से गधा बोलता हूँ। ये रंग देखकर बोलते हैं। मैंने तो रंग भी नहीं देखा।" आणि खाली बसले. सेक्रेटरीसाहेब घाईघाईने चहा घ्या म्हणाले. त्या दिवसानंतर वॉरंटसाहेबांनी दुसऱ्याला नावं ठेवणं सोडलं असेल असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. चहात साखर जास्त झाली म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सेक्रेटरीसाहेबांना झापलं.

त्यानंतर त्यांची नजर अधू होत गेली. वेढे मोजता येईनात. मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. अमौसी विमानतळावर सोडायला मी गेले होते, मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "उठा, लोक पाहून राह्यले." पुण्याच्या फ्लॅटवर अँटेना लावायला सोसायटीने नकार दिला. फोनवर ते बोलत नसत. गेल्या हिवाळ्यात सूनबाईंचा फोन आला की बाबा गेले.

मी ही बातमी सांगायला निशातगंजात गेले. सेक्रेटरीसाहेब गच्चीवर उन्हात बसले होते. ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मला खरं सांगायचं तर रागच आला. मी म्हणाले, "भाईसाहब, उन्होंने आपकी इज़्ज़त कब की? चार लोगों के सामने गधा बोलते थे।"

"हाँ, बोलते थे," ते डोळे पुसत म्हणाले. "मैडम, मैं रोज़ सुबह सेट पर बैठता हूँ। सब कहते हैं, बहुत बढ़िया आवाज़ आ रही है, और चले जाते हैं। मेरी आवाज़ में कहाँ खराबी है, वो अकेले बताते थे। अब कौन बताएगा?"

मी घरी आले, दुसऱ्या दिवशी सकाळी सेट लावला, आणि सेक्रेटरीसाहेब रेडिओवरून हाक देत होते तेव्हा उत्तर दिलं. त्यांचा आवाज थोडा फाटत होता. मी तसं सांगितलं.