टेम्पोत बसलेल्या मावशी

ओल्या चुन्याचा वास आला की मला सेनगाव सोडलं तो दिवस आठवतो. नवऱ्याची बदली वारंगा फाट्याला झाली होती. सामान टेम्पोत चढलं, पण आमची लहानगी लेक शेजारच्या मावशींच्या दाराची चौकट सोडेना. रडून रडून लाल झाली होती. मावशींनी तिला कडेवर घेतलं आणि सरळ टेम्पोत चढल्या. "काहून रडून राहिली गं? मीबी येते तुझ्यासंगं." मला वाटलं, पोरगी शांत झाली की वेशीवर उतरतील, पण त्या थेट नव्या घरी आल्या. भिंतींचा चुना अजून वाळला नव्हता आणि ढीगभर सामान बघून माझा जीव दडपला. "भांडे उद्या लाव, आधी लेकराची जागा कर," मावशी म्हणाल्या. जुन्या घरातल्यासारखीच खिडकीखाली त्यांनी गादी टाकली, गोधडी पसरली, पिठलं-भाकरी करून आम्हाला जेवू घातलं. पोरगी झोपल्यावर अलगद उठल्या. "उठली की सांग, मावशी पाणी भराया गेली," एवढं बोलून त्या एसटीनं परत गेल्या. उठल्यावर पोरगी दारात वाट बघत बसली, आणि मावशी पाणी भराया गेली असं सांगून मीही तिच्याशेजारी बसले. पुढं कितीतरी घरं बदलली. आता माणसं येऊन कपबशीसुद्धा कागदात गुंडाळून नेतात, कसली तकलीफ होत नाही. तरी नव्या घराचं कुलूप उघडताना मावशी सोबत असाव्यात, असं फार वाटतं.