नाव कमी करणे

शाळेतल्या वर्गबाईंची चिठ्ठी आली तेव्हा पत्नीला जाऊन चार महिने झाले होते. मुलीनं 'माझे कुटुंब' या निबंधाचा कोरा कागद दिला आहे, येऊन भेटावे, असं त्यात होतं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मी भेटायला गेलो. बाईंनी विचारलं, घरी बोलते का? मी म्हणालो, बोलते. मग नीट आठवून दुरुस्ती केली. शेजारच्या काकूंशी बोलते, मैत्रिणींशी बोलते, माझ्याशी बोलत नाही. 'हो', 'नाही', 'नको', एवढंच. कधीपासून, ते मात्र सांगता आलं नाही. मी पाटबंधारे खात्यात होतो. धरणांच्या पाण्याची पातळी रोज तक्त्यात उतरवायची, हे माझं काम. एखादा आकडा शंकास्पद वाटला तर मी परत फोन लावून विचारून घ्यायचो. घरातली ही नोंद माझ्याकडे नव्हती.

बाईंनी एका समुपदेशक मॅडमचा पत्ता दिला. समुपदेशक हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि आमच्या कॉलनीत अशा ठिकाणाला डोक्याचा दवाखानाच म्हणत. सिन्नरहून माझी मोठी बहीण, अक्का, आली होती. ती म्हणाली, "नुसत्या गप्पा मारून पोर बरी होत असती, तर मीच सिन्नरात दवाखाना टाकला असता." तिनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मुलगी म्हणाली, "आत्या, धूर नाकात गेला," आणि खेळायला गेली. अक्काला चार शब्द मिळाले, हे माझ्या लक्षात आलं.

कुणी आपल्या मुलाला पहिल्यांदाच अशा ठिकाणी नेणार असेल, तर मला तिथे काय दिसलं ते सांगतो. नाशिक रोडहून सिटी बसनं शालिमारला उतरायचं, तिथून चालत. बावीस पायऱ्या. खोलीत तपासायचं टेबल नाही, औषधांचं कपाट नाही. वेताच्या खुर्च्या, एक सतरंजी, खडू, मातीचा डबा. पहिल्या दिवशी मॅडमनी मला एकट्यालाच बोलावलं होतं. मी फाईल नेली होती: जन्माचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, चार वर्षांची प्रगतिपुस्तकं. त्यांनी ती उघडली नाही. किती वेळा यावं लागेल, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, आकडा सांगता येणार नाही. शिकलेल्या माणसानं इतक्या शांतपणे असं सांगितलेलं मी आधी ऐकलं नव्हतं.

पत्नी गेल्यानंतरचा पहिला महिना कसा गेला, असं त्यांनी विचारलं. मी क्रमानं सांगितलं. काविळीचे नऊ दिवस, दहावा, तेरावा. तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी पुरवठा कार्यालयात जाऊन रेशनकार्डावरून पत्नीचं नाव कमी केलं.

"एवढ्या लवकर?"

तिथला कारकूनही हेच म्हणाला होता. लोक वर्ष-वर्ष येत नाहीत साहेब, तुम्हाला कसली घाई? मी मॅडमना सांगितलं की घाई नव्हती, नियम होता. गेलेल्या माणसाच्या वाट्याची साखर आणि रॉकेल उचलणं गैर आहे. त्यांनी विचारलं, मुलीला सांगितलं होतं का? मी म्हणालो, त्यात सांगण्यासारखं काय होतं? त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग माझं कसं चाललंय, असं विचारलं. मी म्हणालो, ठीक. ते खोटं नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती. बाकी काही होत नव्हतं.

पुढच्या शनिवारपासून मुलगी आत आणि मी बाहेर बाकावर. पंचेचाळीस मिनिटं. ती बाहेर यायची तेव्हा नखांत माती असायची. आज काय म्हणाली, असं मी मॅडमना विचारायचो. "ते तिचं आहे," त्या म्हणायच्या. "तिला वाटलं तर ती सांगेल." निदान महिन्याचा एक अहवाल तरी मिळेल असं मी धरून चाललो होतो. तसं काही मिळत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. मी घरी माझी वही सुरू केली. तिच्या एका आठवड्यात हो अकरा, नाही सात, नको नऊ. पुढच्या आठवड्यातही जवळपास तेवढेच.

सातव्या वेळी मॅडमनी मलाही आत बोलावलं. मुलगी सतरंजीवर बसून मातीची वळकटी वळत होती. मॅडम म्हणाल्या, तुला बाबांना सांगायचं होतं ना? तिनं मान वर केली नाही.

"बाबांनी आईला कमी केलं."

"नाव कमी केलं," मी म्हणालो. शब्द चुकला होता म्हणून दुरुस्त केला. रेशन आणताना तिनं कार्ड पाहिलं असणार. मग तिला नियम सांगितला, साखरेचं सांगितलं. "आणि कार्डावरची लाल रेघ मी मारली नाही. तिथल्या कारकुनानं मारली."

"तुम्ही त्याला मारायला दिली."

हे बरोबर होतं. मी म्हणालो, हो. मग मुलगी मातीकडे बघत म्हणाली, "खोडल्यावर मग निबंधात कुणाला लिहायचं?"

निघताना मॅडमनी एवढंच सांगितलं, की घरी गेल्यावर ते कार्ड दोघांनी मिळून बघा, आणि तुम्ही समजावू नका.

मी कपाटातून कार्ड काढलं. आम्ही स्वयंपाकघरात खाली बसलो. रेघेखालचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. शेजारी 'मयत' लिहिलेलं होतं. तिनं नाव वाचलं, मग वय वाचलं.

"चौतीस चूक आहे. आई छत्तीसची होती."

"कार्ड काढलं तेव्हा चौतीसची होती."

"मग वाढवलं का नाही?"

"कार्डावर वय वाढवत नाहीत."

"माझं पण?"

"तुझं पण. तू अजून सातच आहेस."

ती हसली असं मी म्हणणार नाही. नाकातून थोडी हवा सोडली. बोट रेघेवरून एकदा फिरवलं. मग उठताना म्हणाली, "उद्या डब्यात भात नको." मी वहीत मांडायला गेलो, आणि हे कुठल्या रकान्यात घालायचं ते कळेना. नको एक, असं लिहिता आलं असतं. मी काही लिहिलं नाही. सकाळी पोळ्या केल्या. त्या कडक झाल्या.

शनिवार पुढे बरेच महिने चालू राहिले. काही आठवडे ती पुन्हा हो-नाहीवर यायची. मॅडम म्हणायच्या, असं होतं. शेवटी एकदा त्यांनी मला विचारलं, आता तुमचं काय? मी म्हणालो, ठीक. "ते तुम्ही पहिल्या दिवशीही म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. मी माझ्यासाठी पुढच्या शनिवारची वेळ घेतली. मुलीनं विचारलं, तुम्ही तिथे काय करणार, माती?

पुढे रंगीत रेशनकार्डं आली. जुनं कार्ड जमा करायचं होतं. नव्यावर आमची दोनच नावं येणार होती, रेघ न मारलेली. अर्ज भरायच्या आधी या वेळी मी तिला विचारलं, जमा करू का?

तिनं बराच विचार केला. "करा," ती म्हणाली. "पण आधी झेरॉक्स काढा."

कोपऱ्यावरच्या दुकानात दोघं गेलो. लाल रेघ झेरॉक्समध्ये काळी आली. दुकानदार म्हणाला, एवढं खोडलेलं चालेल का? ती म्हणाली, चालेल. तो कागद तिच्याकडेच असतो. घड्या पडल्यात, पण नाव वाचता येतं असं ती म्हणते. मी तो बघायला मागितलेला नाही.