लिंब पडल्यावरचं अंगण

चैत्रातल्या एका दुपारी वादळ सुटलं आणि आमच्या दारातला लिंब मुळासकट आडवा झाला. नशीब, घरावर आला नाही. रस्त्याच्या बाजूला पडला. कंपाउंडची भिंत तेवढी गेली. आदल्या साली नालीच्या खोदकामात त्याच्या एका अंगाच्या मुळ्या तुटल्या होत्या, तेव्हापासून तो कललेलाच होता. माणसं आली, करवत लावली, फांद्या ट्रॅक्टरमध्ये भरून घेऊन गेली. ती गेल्यावर मी दारात येऊन उभा राहिलो, तर समोर नुसतं आभाळ.

बायको तेव्हा हैदराबादला होती. आमची मुलगी तिथं एका दवाखान्यात नर्स आहे. तिची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची; जावयाची नोकरी फिरतीची. नातू दिवस भरायच्या आधीच जन्माला आला, अगदी ओंजळीत मावेल एवढा. बाळंतपणासाठी म्हणून बायको गेली, ती तिकडचीच होऊन राहिली. "जरा बाळसं धरू द्या, मग येते," म्हणायची. बाळानं बाळसं धरलं, दात आले, ते रांगायला लागलं. तिचं येणं पुढं पुढं जात राहिलं. मी अधूनमधून जायचो, पण घर दोन खोल्यांचं. मी गेलो की जावई बिचारा हॉलमध्ये सोफ्यावर पाय दुमडून झोपायचा. दोन-चार दिवसांत मीच म्हणायचो, "चलतो आता, घरी झाडं आहेत, पाणी कोण घालणार?"

झाडं म्हणजे तिची झाडं. लिंबाखालच्या सावलीत तिनं कुंड्यांची ओळ मांडली होती. नेचे, मनीप्लांट, मोठ्या पानांचा अळू, आणखी कायकाय, मला नावंही येत नाहीत. नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नसे तेव्हाही ती धुण्याभांड्याचं पाणी राखून त्यांना घालायची. ती गेल्यावर तेच मी करत होतो. लिंब पडला आणि आठवड्याच्या आत सगळ्या पानांना आग लागल्यासारखं झालं. कडा तपकिरी पडल्या, मग अख्खी पानं वाळून चुरा झाली. मी कुंड्या मागच्या बाजूला उचलून ठेवल्या. त्यातल्या थोड्या वाचल्या.

तिला सांगायला मला दोन दिवस लागले. शेवटी व्हिडिओ कॉल लावला आणि काही न बोलता फोन अंगणाकडं फिरवला.

ती उमरग्याकडची. माहेरी घरात सगळे कानडी बोलतात. एरवी ती मराठीतच बोलते, पण काळजाला लागलं की तोंडून कानडी येतं. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन अंगण बघत राहिली. मग म्हणाली, "एष्टु बिसिलु!" किती ऊन, म्हणून. आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"नवीन लिंब लावू," मी म्हणालो.

"लावा की. पण तो मोठा कवा व्हायचा? तवर ही जमीन अशीच भाजत ठेवणार? मला उघडं अंगण बघवत न्हाय. जमिनीवर पसरणारं काहीतरी लावा. उन्हात टिकणारं, पाणी न मागणारं."

"काय लावू?"

"मी तिथं असते तर सांगितलं असतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आपण मिळून ठरवू. घाई करू नका."

अशी आमची निवड सुरू झाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रोज ठरवून एकमेकांशी बोलायचं असं पहिल्यांदाच घडत होतं. दुपारी नातू झोपला की ती फोन करायची. मी दिवसभर त्या फोनच्या आशेवर अंगणात काहीतरी करत राहायचो. कुदळीनं जमीन खणली. वरचा थर लिंबाच्या पाल्यापाचोळ्यानं काळा झालेला, खाली नुसता मुरूम. त्यातले धोंडे वेचले, जुनं शेणखत मिसळलं. पाणी साचू नये म्हणून भिंतीकडून रस्त्याकडं थोडा उतार ठेवला.

बायपासच्या नर्सरीत गेलो. तिथल्या माणसानं मला हिरवळीचे गालिचे दाखवले, गुंडाळी करून ठेवलेले. हात फिरवला तर गार लागलं. तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "ह्याला रोज पाणी लागतं. आपल्याकडं प्यायला मिळाना." मग त्यानं पिवळ्या फुलांचा वेडेलिया दाखवला. मला आवडला, दाट, चकचकीत पानं, लगेच पसरतो म्हणाला. तिला तोही पटला नाही. "हितं आमच्या कॉलनीत हाये तो. एकदा घुसला की दुसऱ्याला जगू देत न्हाय. भिंतीपलीकडं भाभीच्या अंगणात जाईल. नको."

भाभी म्हणजे आमच्या शेजारीणबाई. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्या आणि बायको, दोघी त्या भिंतीच्या अलीकडं-पलीकडं उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या. लिंबासोबत ती भिंतही एका कोपऱ्यात ढासळली होती. एका सकाळी त्या खिंडारातूनच भाभी आल्या, हातात जुनं घमेलं. घमेल्यात ऑफिस टाईमच्या, सकाळी दहाच्या सुमाराला फुलणाऱ्या त्या रोपाच्या, फांद्या, गुलाबी, पिवळ्या, पांढऱ्या, सगळ्या एकात एक गुंतलेल्या.

"ताईंनी सांगितलंय मला फोन करून," त्या म्हणाल्या. "ह्यांची पानं जाड असतात भाऊ, पाणी पोटात धरून ठेवतात. नुसतं तोडून खोचायचं. आपल्या घोळाच्या भाजीच्या नात्यातलंच आहे हे." मग अंगणाकडं बघत उभ्या राहिल्या. "ताई कधी येणार हो? मला तर दुपार खायला उठती."

मी खुरपं आणलं. आम्ही दोघांनी मिळून फांद्या खोचल्या. त्या बोटाएवढे तुकडे करून द्यायच्या, मी खुरप्याच्या टोकानं भोक पाडायचो. पहिले काही दिवस वरून गोणपाट टाकलं, थोडं थोडं पाणी शिंपडलं. मग गोणपाट काढलं.

रांगा बघून बायको म्हणाली, "सगळं एकच नको. एखाद्याला रोग आला तर सगळं जाईल. कडेला हरळी येऊ द्या, ती उन्हात वाळली तरी मरत न्हाय, आणि गणपतीला दूर्वा होतील. भिंतीजवळ सकाळची थोडी सावली असती, तिथं ओव्याचं पान लावा. बाळाला सर्दी झाली की हितं शोधत फिरावं लागतं." मी मधल्या जागेचं विचारलं.

ती म्हणाली, "ते निळं आठवतंय का?"

आठवत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात आम्ही येडशीला गेलो होतो, रामलिंगाच्या दर्शनाला. दर्शन झाल्यावर वर चढून येताना ती दमली आणि माळावर मुरमातच बसली. तिच्या पायाशी जमिनीला चिकटून निळी फुलं फुललेली. एवढी बारीक की आधी दिसली नाहीत, आणि दिसल्यावर सगळीकडं तीच. तिनं नाव विचारलं. मला माहीत नव्हतं. "आपलं घर झालं की अंगणात हेच लावायचं," ती म्हणाली होती. तेव्हा ती मला नीट ओळखतही नव्हती. माझ्याशी मोकळेपणानं बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य असावं. पुढं घर झालं, पण लिंबाच्या सावलीत ते कधी जगलंच नसतं. तिनं विषय काढला नाही, मीही नाही. नाव मात्र मधल्या काळात कळलं होतं, विष्णुक्रांता.

"आता ऊन हाये," ती फोनवर म्हणाली.

पाऊस लागल्यावर मी एसटीनं येडशीला गेलो. रामलिंगाभोवतीच्या अभयारण्यातलं काही उपटायचं नसतं, म्हणून अलीकडंच उतरलो आणि ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या बांधाबांधानं फिरलो. ऊन वर यायच्या आत पोचलो होतो म्हणून फुलं उघडी सापडली; दुपारी ती मिटतात. शेताच्या मालकाला विचारून दोन-तीन झाडं खणायला बसलो. वर इवलीशी पानं, पण मुळी खाली खाली जातच राहिली, मुरमात, दगडाच्या फटीत. प्रत्येक वेळी ती तुटली. तरी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, लावली. आठ दिवसांत सगळी माना टाकून बसली.

"मूळ धरून बसलेलं उपटून आणलं की असंच होतं," ती म्हणाली. नातवाला मांडीवर थोपटत होती. ती झाडाविषयीच बोलत होती, पण बोलल्यावर तिचा थोपटणारा हात थांबला. मग तिनंच विचारलं, "बी न्हाय का मिळत?"

मी पुन्हा गेलो. बी इतकं बारीक की हाताला लागेना. जुन्या वाळक्या झाडांच्या बुडाशी वरवरची माती खरवडून पिशवीत भरली आणि ती अंगणाच्या मधोमध पसरली. शेतमालक हसत होता. "माती न्यायला धाराशिवाहून आलाव व्हय?"

नागपंचमीला ती आली. बाळाजवळ राहायला मुलीनं चार दिवस रजा काढली होती. बायकोला आणायला मी उमरग्यापर्यंत गेलो. हैदराबादची गाडी तिथं हायवेला थांबते. ती उतरली तेव्हा मला एकदम बारीक वाटली. माहेरी एक दिवस राहून आम्ही घरी आलो. रिक्षातून उतरल्या उतरल्या तिनं चपला काढल्या आणि अनवाणी अंगणात शिरली. ऑफिस टाईमची जाळी तोपर्यंत एकमेकांत मिसळून गेली होती. सकाळचे दहा वाजून गेले होते, सगळी फुलं उघडलेली. ओव्याच्या पानांना तिनं हात लावून वास घेतला. मधली जागा मात्र रिकामीच होती, तिथं मातीशिवाय काही नव्हतं. ती वाकून बघत राहिली.

"येईल," मी म्हणालो.

"येईल की," ती म्हणाली.

तिच्या जाण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. मी सवयीनं म्हणालो, "मी पण आलो असतो चार दिवस. पण झाडांना पाणी..."

ती माझ्याकडं वळली. "म्हणून तर म्हणाले, पाणी न मागणारं लावा. तुम्हाला काय वाटलं, मला फुलंच बघायची होती? ह्या घरात तुम्हाला बांधून ठेवणारं काही उरू नये म्हणून. आता कुलूप लावून महिनाभर या. जावयाचा सोफा जावयाला, आपण खाली गादी टाकू."

एवढे महिने मी जमीन खणत होतो ते अंगणासाठी, असंच मला वाटत होतं. ती उठून आत गेली, भाकरी थापायला बसली. भाकरीचा आवाज ऐकत मी बराच वेळ बाहेर बसून राहिलो.

दसरा झाल्यावर मी मागच्या कुंड्या भाभींकडं ठेवल्या आणि खरंच कुलूप लावलं. हैदराबादला महिन्याहून जास्त राहिलो. नातवाला बोट धरून चालवलं, तिच्याबरोबर भाजीला गेलो, दोघं मिळून डाळ निवडली. ती शेजारी होती, आवाज दिला की ओ देत होती, ह्याहून वेगळं मला काय हवं होतं? तरी दहा वाजले की जीव अंगणाकडं जायचा. फुलं उघडली असतील, भाभी एकट्याच भिंतीपाशी उभ्या असतील. ती ओळखायची. "जा आता," एक दिवस तीच म्हणाली. "राहून घुटमळण्यापेक्षा जाऊन या."

परत आलो तर थंडी पडायला लागली होती. ऑफिस टाईमचा एक पट्टा वाळून गेला होता, बाकीचा तग धरून होता. हरळी आत घुसली होती. ओव्याला काही झालं नव्हतं. आणि मधल्या मातीत, जिथं आम्ही दोघं वाकून बघत होतो, तिथं चार-दोन काड्या जमिनीसरशी पसरल्या होत्या. सकाळी बघितलं तर एकाच काडीवर एकच निळं फूल.

ती इथं होती तेव्हा उगवलं असतं तर! दसऱ्यानंतरच्या परतीच्या पावसात ते कधीतरी उगवलं असणार, आणि तेव्हा इथं बघायला कोणीच नव्हतं.

मी फोन लावला. तिनं बघितलं, पण पडद्यावर तो नुसता निळा ठिपका. "जवळ न्या," ती म्हणाली. मी फोन जमिनीला टेकवला. "अजून जवळ." तिकडं नातू रडत होता, तिनं त्याला कडेवर घेतलं आणि ती फूल बघत राहिली. ऊन तापलं तसं फूल मिटायला लागलं. आम्ही दोघंही ते मिटताना बघत होतो.

तेवढ्यात आवाज ऐकून भाभी आल्या. "ताई हैत का?" म्हणत त्यांनी फोन हातातून घेतला. दोघींचं सुरू झालं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, पाणी कधी आलं आणि किती वेळ टिकलं ह्याचं. बायको मोठ्यानं हसली. असं हसताना मी तिला कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. मी खुरपं घेऊन हरळी मागं सारायला बसलो, फोन माझ्याकडं यायची वाट बघत.